आपलं कार्ड आपण सरकवायचं नाही

सोमवार, ४ मार्च

सकाळी उठलो तर डावा कान बंद. दुखत नाही, खुपत नाही — नुसता बंद. कुणीतरी बाहेरून शटर ओढून घेतल्यासारखा. आत एक बारीक शिट्टी, रेडिओची सुई दोन स्टेशनांच्या मध्ये अडकली की येते तशी.

मळ असेल. नाहीतर आंघोळीचं पाणी.

आजपासून नवा पंधरवडा. आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात त्याला स्प्रिंट म्हणतात, धावत मात्र कुणी नाही. दहा दिवस काम, दहाव्या दिवशी गिऱ्हाइकाला दाखवायचं, म्हणजे डेमो. या वेळचं गिऱ्हाईक म्हणजे औषधांच्या गोदामाचे मॅनेजर. रोज सकाळी पावणेदहाला फोन करतात, म्हणून आमच्याकडे त्यांचं नावच पावणेदहा. त्यांची दोन गोदामं आहेत. एकीकडे पेटी उचलली की दुसरीकडच्या पडद्यावर तेवढी कमी दिसली पाहिजे. एवढंच. एवढंच म्हणतो, पण पंधरवड्याचा जीव त्यात आहे. प्रत्येक कामाची पडद्यावरच्या बोर्डावर एक चिठ्ठी असते, कार्ड; याचं कार्ड दोनशे चौदा. ते मौनीने घेतलं.

मौनी चाळिशीचा. सात वर्षं आमच्याकडे. दिवसाला वीस शब्द, त्यातले सहा 'हं'. हात सोन्याचे.

उभी बैठक झाली. सगळे भिंतीवरच्या पडद्यासमोर अर्धवर्तुळ करून उभे. रोजची पंधरा मिनिटं — काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. घड्याळबाई डावीकडून काहीतरी म्हणाली. कामाची आखणी तिच्याकडे. सोळावं मिनिट लागलं की सरळ पडदा बंद करते, म्हणून घड्याळबाई. सगळे हसले. मीही हसलो.

मंगळवार, ५

शिट्टी चालू. कान बंद.

बुधवार, ६

माझं सगळं दुकान कानावर चाललंय, हे आजपर्यंत कधी लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती.

तीस वर्षांपूर्वी रेडिओ आणि लाउडस्पीकर दुरुस्त करायचो. शाळा अर्धी, भांडवल म्हणजे तारांना टाके लावायचा एक कैया आणि दोन कान. डब्यावर टिचकी मारायची, आत कुठला टाका सुटलाय ते ऐकायचं. पुढे स्पीकर गेले, संगणक आले, मी टिचकी मारतच राहिलो. आता माणसांवर मारतो. 'होईल' म्हणायच्या आधी श्वास घेतला की समजावं, दोन दिवस जास्त लागणार. 'जवळजवळ झालंय' म्हणजे हात लावलेला नाही. 'छोटंसंच राहिलंय' — आठवडा गेला. बोर्डावर कार्डं काहीही सांगोत. बोर्ड डोळ्यांशी बोलतो, मी कानाला विचारतो. पोरं म्हणतात, सरांना आधीच कळतं.

आज मौनी डाव्या टोकाला, खिडकीपाशी. ती त्याची रोजची जागा. त्याचे ओठ हलले. नेहमीपेक्षा जरा जास्तच हलले. मी मान डोलावली. घड्याळबाईने माझ्याकडे पाहिलं, मग पुढच्याकडे वळली.

जागा बदलता आली असती. पण मग कुणीतरी विचारलं असतं, का बदलली.

जेवताना ही म्हणाली, "अहो, तिसऱ्यांदा विचारतेय. अजून वाढू का?"

ही कायम माझ्या डावीकडे. टेबलापाशी डावीकडे, पलंगावर डावीकडे, रस्त्यातही. लग्न झाल्यापासून.

"बहिऱ्यासारखं काय करताय?" म्हणाली. मग उठून समोर आली. माझ्या डाव्या कानापाशी चिमटी वाजवली. मग उजव्यापाशी.

"उद्या दाखवून येऊ."

"डेमो होऊ दे."

"कान डेमोला विचारून बंद झालाय का?"

मी ताट पुढे केलं.

गुरुवार, ७

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवलं. डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा.

उजवा कान पहिल्या वर्गात पास. मग डावा. मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. काचेपलीकडची मुलगी कळा फिरवत होती, ते दिसत होतं. बसलो. बसलो. मशीन बिघडलं असावं असं वाटलं. टिचकी मारून बघावंसं वाटलं.

"मळ नाही," बाई म्हणाल्या. "आतली नस आहे. अशी अचानक जाते. कारण पुष्कळदा सापडत नाही."

"परत येते?"

"कुणाची येते, कुणाची अर्धी येते, कुणाची येत नाही. गोळ्या जितक्या लवकर, तितकं बरं. पहिले दोन आठवडे महत्त्वाचे. त्यातले चार दिवस तुम्ही घालवलेत."

दोन आठवडे. इथेही स्प्रिंट!

बाईंनी बजावलं — झोप उडेल, डोकं भणभणेल, साखर वाढेल, तुम्हाला मुळात आहेच, तेव्हा रोज तपासा. सात दिवसांचा कोर्स. संपला की या. आजच सुरू करा. 'आजच' दोनदा म्हणाल्या.

भीती वाटायला हवी होती. मी वाट पाहिली. आली नाही. टॅक्सीत ही काहीतरी बोलत होती, डावीकडून. मी खिडकीबाहेर दुकानांच्या पाट्या वाचत होतो.

गोळ्या घेतल्या. म्हणजे दुकानातून घेतल्या.

शुक्रवार, ८

घरीही एक बोर्ड आहे. ही टपालखात्यात होती. तीस वर्षं पत्रं खणांत टाकण्यात गेली. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायचे. एकदा घड्याळबाई घरी आली होती, तिने आमच्या दोघांच्या फोनवर ऑफिससारखाच बोर्ड लावून दिला. हिला तो इतका आवडला की सोय नाही. नळ गळतोय — कार्ड. विम्याचा कागद सापडत नाही — कार्ड. मला एकदा कार्ड आलं होतं: 'माझी मामेबहीण येणार आहे. चेहरा सरळ ठेवणे. मुदत रविवार रात्रीपर्यंत.'

रकाने चार. करायचं, चालू, झालं, सोडलं. 'सोडलं' हा माझा आग्रह. जे होणार नाही ते होणार नाही म्हणून मांडावं, 'चालू'मध्ये कुजवत ठेवू नये.

ऑफिसच्या बोर्डावर आणखी एक रकाना आहे, 'तपासायचं'. तो हिने घेतला नाही. "आपल्या दोघांत तपासणी कसली?" म्हणाली होती.

ऑफिसात माझा सगळा कारभार त्याच रकान्यावर. नियम एकच, आणि तो माझा: आपलं कार्ड आपण 'झालं'मध्ये सरकवायचं नाही. दुसऱ्याने तपासायचं आणि त्यानेच सरकवायचं. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मी रेडिओ उघडायला शिकलो त्यांची ही शिस्त. दुरुस्त करणाऱ्याने 'वाजतो' म्हणायचं नाही. शेजारच्या टेबलावरच्याने ऐकायचं, त्याने म्हणायचं. "आपण जोडलेला रेडिओ आपल्या कानाला गोडच वाजतो रे." आमच्याकडे शेजारच्या टेबलावर शंकासूर बसतो. तपासनीस. स्वतःच्या लग्नपत्रिकेत त्याने तीन चुका काढल्या होत्या, त्यातली एक सासऱ्यांच्या नावात.

आज सकाळी फोनवर नवं कार्ड आलं. 'कानाच्या गोळ्या. सकाळी खाल्ल्यावर.' खाली सात चौकोन, रोज एकावर खूण करायची. हिला सांगितलं, गोळ्या बॅगेत ठेवतो, ऑफिसात डबा उघडला की घेईन.

डबा उघडला. पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आज सुरू केल्या तर आठवडाभर झोप नाही, डोकं भणभणणार, आणि पुढच्या शुक्रवारी डेमो. तोवर थांबलं तर काय बिघडतंय? हे कारण बरं आहे. दुसऱ्या कुणी दिलं असतं तर मी त्याच्या आधीचा श्वास ऐकला असता.

खरं कारण माहीत नाही. गोळी घेतली की आजार झाला. तोवर नुसता बंद कान.

पाकीट परत बॅगेत. पहिल्या चौकोनावर खूण केली.

रविवार, १०

ही चहा गाळत होती. मी पेला भरून घेतला, पाणी प्यायलो, खूण केली. पाणी प्यायलो हे तरी खरं.

"फरक वाटतो का?"

"थोडा."

तिने वळूनही पाहिलं नाही. हिला माझ्यासारखा कान नाही. तिला तो लागत नाही, ती विश्वास ठेवते.

तीन चौकोन झाले.

सोमवार, ११

दोनशे चौदा अजून 'चालू'मध्ये. एका जागी फार दिवस बसलं की बोर्ड कार्डाला पिवळं करतो. पिवळं झालंय.

उभ्या बैठकीत विचारलं, "काय म्हणतंय दोनशे चौदा?"

खिडकीकडून मौनीचे ओठ हलले. हाताने काहीतरी दाखवलं. माझ्या बाजूला शिट्टी.

"छान," मी म्हणालो.

सगळे जरा थांबले. मग घड्याळबाईने पुढचं कार्ड उघडलं.

मंगळवार, १२

दोनशे चौदा 'तपासायचं'मध्ये आलं. पिवळेपणा गेला. सुटलो.

चौकोन पाच. ही हल्ली विचारत नाही.

बुधवार, १३

दुपारी शंकासूर माझ्या खोलीत आला आणि दार लावलं. उजव्या बाजूला उभा राहिला, नशीब.

"सर, दोनशे चौदा तुम्ही बघितलंय?"

"तू आहेस ना बघायला."

"मी बघितलं. पडद्यावर आकडे बदलतात. पण ते दुसऱ्या गोदामातून येतच नाहीत. आतून हाताने भरलेत. डेमोत दिसण्यापुरते."

मौनीला बोलावलं. उजवीकडच्या खुर्चीत बसवलं. तो आपल्या हातांकडे बघत बसला.

"कधीपासून अडलंय?"

"दुसऱ्या दिवसापासून. त्यांच्या जुन्या गोदामातलं मशीन फार जुनं आहे. आपण विचारतो, ते उत्तरच देत नाही."

"मग सांगायचं नाही का, बाबा?"

"सांगितलं."

"कधी?"

"बुधवारी. उभ्या बैठकीत. म्हटलं, या पंधरवड्यात होणार नाही, 'सोडलं'मध्ये टाकू का? तुम्ही मान डोलावलीत."

मी शंकासुराकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"मग टाकलं का नाहीस?"

"घड्याळबाई म्हणाल्या, सरांनी मान डोलावली म्हणजे टाक म्हणाले की कर म्हणाले? मलाही कळेना. सोमवारी परत सांगितलं — अडलंय, अजिबात होत नाही. तुम्ही छान म्हणालात." एवढ्यावर त्याचा दिवसाचा कोटा संपला होता, पण तो थांबला नाही. "साहेब, तुम्हाला नेहमी आधी कळतं. तुम्ही छान म्हणालात तेव्हा वाटलं, तुम्हाला काहीतरी दिसतंय जे मला दिसत नाही. रात्रीपर्यंत परत खपलो. मग लाज वाटायला लागली. म्हणून दिसण्यापुरतं करून ठेवलं."

"आणि तू?" शंकासुराला विचारलं. "तू होतास ना तिथे?"

"सगळेच होतो. सगळ्यांनी ऐकलं. पण सर, तुम्ही मान डोलावल्यावर पुढे कोण बोलणार?"

राग यायला हवा होता. कुणावर यावा ते शोधत बसलो. नऊ माणसं अर्धवर्तुळात उभी, नवांपैकी आठांना ऐकू येतंय, आणि सगळी बघतायत नवव्याकडे.

मग सांगून टाकलं. डावा कान गेलाय. दहा दिवस झाले. खिडकीच्या बाजूने जे बोललं गेलं त्यातलं मला काही पोचलेलं नाही. मान मी उगीच डोलावत होतो.

शंकासूर पहिल्यांदाच शंका न काढता उभा राहिला.

मौनी म्हणाला, "औषध?"

"चालू आहे," मी म्हणालो. जीभ आपोआप म्हणाली.

मौनीने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. कमी बोलणाऱ्याला ऐकू जास्त येतं.

गुरुवार, १४

पावणेदहांना आज मीच साडेनऊला फोन केला. उजव्या कानाने.

"उद्या अर्धंच दाखवणार. दोन गोदामांचं बोलणं जुळलेलं नाही."

"अहो, तुम्ही कधी अर्धं दाखवत नाही."

"म्हणून तर आधी सांगतोय."

पलीकडे खुर्ची कुरकुरली. ती कुरकुर मला कळली. एक कान पुरला.

उभ्या बैठकीत मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो, म्हणजे सगळे उजवीकडे येतात. मौनीने न बोलता जागा दिली. सगळ्यांना कानाचं सांगितलं. एक जण म्हणाला, "तरीच सर परवा माझ्या जोकवर हसले." हसले सगळे. बरं झालं. मग दोनशे चौदा मी सगळ्यांसमोर 'सोडलं'मध्ये टाकलं, आणि खाली लिहिलं, कारण: मी ऐकलं नाही.

घड्याळबाईने तिथल्या तिथे नियम केला. आजपासून मान डोलावणं धरलं जाणार नाही. तोंडाने बोलायचं.

"मलाही?"

"तुम्हालाच, सर. बाकीच्यांची मान कोण विचारतं?"

संध्याकाळी घरी आलो. बूट काढता काढता सातव्या चौकोनावर खूण केली आणि गोळ्यांचं कार्ड 'झालं'मध्ये सरकवलं. सकाळी ऑफिसातलं खोटं कार्ड काढलं, संध्याकाळी घरचं सरकवलं. एकाच दिवशी, एकाच अंगठ्याने.

आतल्या खोलीतून हिने त्या कार्डावर एक फूल चिकटवून पाठवलं.

शुक्रवार, १५

डेमो झाला. अर्धा. जेवढं दाखवलं तेवढं खरं होतं. पावणेदहा शेवटी म्हणाले, "पुढच्या टप्प्याचं नंतर बघू." फार गोड बोलले. गेलं ते काम. पुढचा टप्पा आता दुसऱ्या कुणाचा.

सगळे निघाल्यावर मौनी दारात थांबला. फिरून माझ्या उजवीकडे आला.

"माझं कार्ड तुम्ही काढलंत. बरं झालं."

"हं," मी म्हणालो. त्याचाच शब्द त्याला.

"साहेब, तुमचं कोण तपासतं?"

उत्तराला थांबला नाही. जिन्यावर त्याची पावलं ऐकू आली. कुठल्या बाजूने ते सांगता आलं नाही. एका कानाला दिशा कळत नाही, हेही नवंच.

शनिवार, १६

आज डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. नाश्त्याला बसलो तेव्हा बॅगेतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"या दुसऱ्या दिल्या का?" हिने विचारलं. तिला दिसावं म्हणून मी तिच्याकडे तोंड करून बसलो होतो, म्हणून ऐकू आलं.

"त्याच आहेत."

तिने पट्टी उचलली. गोळ्यांच्या फुगवट्यांवरून अंगठा फिरवला, एकेक करून, पत्रांची चळत मोजायची तसा. दुसरी पट्टी. तिच्यावरूनही.

"एकही नाही?"

"एकही नाही."

तिने दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"मी रोज विचारत होते. मग विचारायचं सोडून दिलं. तिथे खूण होती म्हणून."

आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"ऑफिसातल्या माणसांना असं फसवलं असतंत?"

"ते तपासतात," मी म्हणालो.

बोललो आणि शब्द टेबलावर पडून राहिला. तिनेही उचलला नाही, मीही नाही.

मग ती उठली. पाणी आणलं. पट्टी फोडून गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या आणि समोर उभी राहिली. गिळल्या. "तोंड उघडा," म्हणाली. उघडलं. "जीभ वर." वर केली.

दवाखान्यात बाईंनी कागद चाळला. "सात तारखेला दिल्या होत्या ना मी?" मी मान डोलावली, मग नियम आठवला आणि तोंडाने म्हणालो, "हो. घेतल्या नाहीत."

"आज तेरावा दिवस." पेन खाली ठेवलं. "सुरू करू. कानात इंजेक्शनही देऊ, तीन. पण आता फार आशा धरू नका. दहात एकाचा परत येतो."

ही डावीकडच्या खुर्चीत होती. काही बोलली असेल तर मला माहीत नाही.

संध्याकाळी फोन वाजला. घरच्या बोर्डावर नवा रकाना आलाय. 'चालू' आणि 'झालं' यांच्या मध्ये. तपासायचं.

गुरुवार, २१

दुसरं इंजेक्शन. कानात थंड काहीतरी उतरतं, मग छत फिरतं, मग थांबतं. झोप नाही. साखर वर. डोकं भणभणतंय. बाईंनी सांगितलं ते सगळं अगदी तसंच होतंय. कान तेवढा राहिला.

चौकोनावर खूण आता ही करते. आमचं बोलणं तेवढंच — गोळी, पाणी, साखर किती. कार्डं जास्त बोलतात.

मंगळवार, २ एप्रिल

पावणेदहाला फोन वाजत नाही. तरी त्या वेळेला ऑफिसात सगळे एकदा मान वर करतात.

सोमवार, ८

मौनीने आज उभ्या बैठकीत मोठ्याने सांगितलं, "अडलंय." खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. सगळे दचकले. एका शब्दात काम झालं, कोटा शाबूत. दहा मिनिटांत दोघांनी मिळून सोडवलं.

मी काही केलं नाही. मला आधी कळलं नव्हतं. कळायची गरजही पडली नाही.

शनिवार, १३

काचेची खोली. हातात बटण. मुलगी कळा फिरवत होती. अंगठा हलला नाही.

आता येणार नाही, बाई म्हणाल्या. कागदावर लिहूनही दिलं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरच हिने फोन काढून कानाचं कार्ड 'सोडलं'मध्ये टाकलं. मी पाहिलं.

समोरचा एकेरी रस्ता ओलांडताना मी माझी उजवी बाजू मोकळी सोडली, तिने तिकडून यावं म्हणून. ती नेहमीसारखी डावीकडेच आली. दंड धरला. म्हटलं, "अगं, तिकडून मला काही ऐकू येत नाही." ती थांबली, पुढे आली, तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "ठाऊक आहे. गाड्या तिकडूनच येतात." आणि परत डावीकडे गेली.

घरी येऊन फोन पाहिला. नवं कार्ड. 'डावी बाजू. जबाबदारी: माझी. तपासणारे: तुम्ही.' मुदतीची जागा रिकामी.

'चालू'मध्ये आहे. मी सरकवणार नाही.